शेतावरच्या घराला ऊब कशी द्यावी?

दिवाळी आटोपली की माळव्याची हवा पालटते. दुपारी ऊन चांगले पडते, पण दिवस मावळला की तासाभरात गारवा अंगाला झोंबू लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात येथील आभाळ स्वच्छ असते, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन आणि छपरे रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळाकडे सोडून देतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास असते. उत्तरेकडून थंडीची लाट आली तर ते ५-६ अंशांपर्यंतही उतरते. त्याच दिवशी दुपारी मात्र २४-२५ अंश!

सुदामा नगरात भिंतीला भिंत लागून घरे आहेत, तेथे ही थंडी दोन चादरींत भागते. पण आपल्यापैकी ज्यांची शेती सांवेर, देपालपूर, बेटमा किंवा महूच्या बाजूला आहे, आणि जे शेतावर घर बांधून तेथेच कायम राहण्याचा विचार करीत आहेत, त्यांची गोष्ट निराळी. चारी बाजूंनी मोकळे रान, रात्रभर वारा आणि वर पत्र्याचे छप्पर. विजेचा भरवसा नाही आणि सिलिंडर तालुक्याहून आणावा लागतो. अशा घराला बाहेरून इंधन न आणता ऊब कशी द्यावी, हा प्रश्न अनेकजण विचारतात. त्याचे उत्तर सांगताना बहुतेकजण चूल, शेगडी, हीटर यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात छपरापासून करावी.

काश्मीरात किंवा युरोपात हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. तेथे उष्णता निर्माण करावीच लागते. माळव्यात तसे नाही. हिवाळ्यातही एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ५ युनिट विजेइतकी उष्णता सूर्य फुकट ओततो. येथील घराला उष्णता निर्माण करण्याची गरज थोडी आणि आलेली उष्णता पहाटेपर्यंत राखून ठेवण्याची गरज फार.

जुन्या लोकांना हे न शिकता ठाऊक होते. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि ती ऊब आतल्या बाजूला पोहोचते रात्री, म्हणजे हवी तेव्हाच. पत्र्याचे छप्पर याच्या उलट वागते. ते चटकन तापते आणि चटकन निवते. स्वच्छ रात्री तर पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, म्हणून पहाटे आतल्या बाजूने दहिवर ठिबकते. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचा माळा करावा आणि त्यावर गव्हाचा किंवा सोयाबीनचा भुसा पोत्यांत भरून पाच-सहा इंचांचा थर द्यावा. उष्णता अडवून धरते ती भुशाच्या पोकळीतील स्थिर हवा, म्हणून पोती दाबून भरू नयेत. तट्ट्यांना दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप द्यावा, म्हणजे आगीची आणि उंदरांची भीती कमी होते. विजेच्या तारा मात्र या थरातून मुळीच नेऊ नयेत. हाच माळा मे महिन्यात घर थंड ठेवतो, हे वेगळे सांगायला नको. एप्रिलमध्ये जी नरवाई शेतात जाळून टाकतात, तिच्या थोड्याशा भागात एका घराचे छप्पर होते.

नवे घर बांधत असाल तर खिडक्यांची दिशा विचारपूर्वक ठरवावी. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य येथे दक्षिणेकडे सुमारे ४४ अंशांवर असतो. मे-जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या खिडकीवर छज्जा काढला तर उन्हाळ्यातले ऊन आपोआप अडते आणि हिवाळ्यातले आत येते. हिशेब अगदी सोपा आहे. डिसेंबरात छज्जा भिंतीपासून जितका पुढे, जवळजवळ तितकीच सावली त्याच्या खाली पडते. दोन फुटांचा छज्जा खिडकीच्या डोक्यापासून एक फूट वर असला, तर खिडकीचा वरचा एक फूट तेवढा सावलीत जातो, बाकीची खिडकी उन्हात. चार फूट उंच व तीन फूट रुंद अशा एका काचेच्या खिडकीतून हिवाळ्याच्या दिवसात सुमारे ३ युनिट वीज जाळल्याइतकी उष्णता घरात येते. ती उतरावी फरशीवर किंवा जाड भिंतीवर, गादीवर किंवा सोफ्यावर नव्हे, कारण कापूस उष्णता साठवीत नाही. दिवस मावळण्यापूर्वी खिडकी बंद करून आतून लाकडी झडप किंवा जाड गोधडीचा पडदा लावावा. काच उष्णता आत घेते तशी रात्री बाहेरही जाऊ देते. पश्चिमेची मोठी खिडकी हिवाळ्यात थोडी बरी वाटली तरी उन्हाळ्यात छळते. ती टाळावी.

माणसाचे शरीरही एक शेगडीच आहे. स्वस्थ झोपलेला माणूस ८० ते १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत देत असतो. आजी-आजोबा, मुले अशी चार माणसे हिवाळ्यापुरती एकाच लहान, सखल छताच्या खोलीत निजली तर त्या खोलीला तेवढ्यानेच पुष्कळ ऊब येते. आजकाल प्रत्येकाला स्वतंत्र खोली हवी असते, त्यावर मी काय बोलावे!

आता शेगडीविषयी. येथे जरा थांबून वाचावे अशी विनंती आहे.

माळव्यातील जुनी घरे कवेलूंची, म्हणजे कौलांची. कौलांच्या फटींतून, दाराखालून, भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या जागेतून हवा सतत खेळत असे. त्या घरात रात्री निखाऱ्यांची शेगडी ठेवून माणसे निजली आणि सकाळी उठली, कारण विषारी वायू फटींतून निघून जात होता. आज आपण स्लॅब घालतो, घट्ट बसणाऱ्या खिडक्या लावतो, दाराखाली फडके कोंबतो आणि आतली चाल मात्र जुनीच ठेवतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली कुटुंबेच्या कुटुंबे सकाळी मृत आढळल्याच्या बातम्या येतात. या लेखात वर सांगितल्याप्रमाणे घर बंदिस्त करणार असाल, तर त्याच दिवशी शेगडी घराबाहेर गेली पाहिजे. घट्ट घर आणि उघडा विस्तव एका छपराखाली नांदू शकत नाहीत.

कोळसा, लाकूड, गोवरी, काहीही अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. रक्तातील ज्या द्रव्यावर प्राणवायू बसून शरीरभर जातो, त्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे छाती नीट वरखाली होत असतानाही शरीर आतून गुदमरते. धूर संपून लाल फुललेले निखारे लोकांना निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात हा वायू त्यांतून भरपूर निघतो, आणि धूर नसल्याने सावध करणारे काही उरत नाही. शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवले की वायू पाण्यात जातो, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. एखादी बोटभर फट ठेवली की पुरे, ही समजूतही तितकीच घातक. बंद न्हाणीघरातील गॅसच्या गीझरलाही हेच लागू आहे.

आधी डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यांतले काहीच कळत नाही. एकाच खोलीतील दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर ते पित्त किंवा सर्दी समजू नये. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. आत जाणाऱ्याने आधी दार उघडावे, मग श्वास रोखून जावे. डॉक्टरांना 'खोलीत शेगडी होती' हे पहिल्याच वाक्यात सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, तोच शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण दीड तासात उतरतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला तरी इस्पितळात नेणे टाळू नये. आणखी एक गोष्ट. करोनाच्या साथीत अनेक घरांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. या विषबाधेत ते यंत्र फसवते. त्याला प्राणवायू लागलेले रक्त आणि हा वायू लागलेले रक्त यांतला फरक कळत नाही, त्यामुळे माणूस मरणाच्या दारात असतानाही आकडा ९८ दिसू शकतो.

सर्वांत अधिक काळजी बाळंतिणीच्या खोलीची. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, दार बंद, पडदा ओढलेला, आणि आत दिवसातले वीस तास आई व तान्हे मूल. या चालीमागे माया आहे, हे मान्य. बाळंतिणीला ऊब हवी आणि नवजात बाळाला तर फारच हवी, कारण त्याचे अंग चटकन गार पडते. पण त्या कोवळ्या फुफ्फुसांना धूर सोसत नाही आणि वायूचा घाला मोठ्यांपेक्षा मुलांवर लवकर होतो. ज्येष्ठ स्त्रियांनी हे मनावर घेतले तरच चाल बदलेल, सुनेने सांगून बदलणार नाही. बाळाला ऊब देण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्याला टोपी-मोजे घालून आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरावे आणि वरून दोघांना पांघरावे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोता येथे एदगार रेय या डॉक्टरांनी, पेट्या कमी पडत होत्या म्हणून, कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत सुरू केली. आज जगभर, आपल्या सरकारी इस्पितळांतही, ती वापरतात. बाळाचे वडील किंवा आजीही असे धरू शकतात. आईला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी. ती बाळाच्या अंगाला लावू नये. दिवसा बाज उन्हाच्या खिडकीशी ओढावी.

मग विस्तव असावा तरी कोठे? स्वयंपाकघरात, धुराड्याच्या चुलीत. वर्ध्याच्या मगनवाडीत, जेथे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योगाचे काम उभे केले, तेथली मगन चूल जुन्या वाचकांना आठवत असेल. हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका काढली होती. पुढे १९८०च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला आणि २००२ पर्यंत कोट्यवधी चुली बसवल्या. बहुतेक टिकल्या नाहीत. भांडी भोकावर नीट बसत नव्हती, धुराडे फुटले की कोणी दुरुस्त करीत नव्हते. धुरामुळे छपराच्या लाकडाला कीड लागत नाही, अशी बायकांची तक्रार होती. तीही खोटी नाही. पण कीड लागलेला वासा बदलता येतो, फुफ्फुस बदलत नाही.

चूल घरात बसवायची तर ती निजायच्या खोलीच्या भिंतीला लागून, विटा-मातीची चांगली जड बांधावी. संध्याकाळचा स्वयंपाक होईतो ती भिंत तापते आणि पलीकडच्या खोलीला मध्यरात्रीपर्यंत ऊब देते. युरोपातील शेतकऱ्यांच्या विटांच्या जड भट्ट्या याच तत्त्वावर चालतात. थोडा वेळ जोरात जाळ, मग रात्रभर भिंतीची ऊब. धुराडे छपराच्या माथ्यापेक्षा निदान दोन-तीन फूट उंच न्यावे, महिन्यातून एकदा काजळी काढावी, आणि निखारे असेपर्यंत ते कधीही झाकू नये. कोरियात धूर फरशीखालून फिरवून सारी जमीन तापवण्याची 'ऑन्दोल' नावाची फार जुनी पद्धत आहे. वाचायला ती मोहक वाटते. पण तेथे कोळशाच्या वड्या जाळू लागल्यावर फरशीच्या भेगांतून वायू वर येऊन १९६० ते १९८० च्या दशकांत असंख्य माणसे दगावली. आपल्या काळ्या जमिनीवरच्या फरशीला तर दरवर्षी भेगा जातात. हा प्रयोग येथे कोणी करू नये.

हिवाळ्यातील इंधनाचा मोठा वाटा खोलीला लागत नाही, तो लागतो अंघोळीच्या पाण्याला. पंधरा लिटरची बादली १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला ३३० किलोकॅलरी लागतात. साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडाची आठ-नऊ दशांश उष्णता वाया जाते, म्हणजे एका बादलीला जवळजवळ पाऊण ते एक किलो लाकूड. पाच माणसांच्या घराला थंडीच्या शंभर दिवसांत चार-पाच क्विंटल लाकूड केवळ अंघोळीपायी जाते. आपला तांब्याचा बंब यापेक्षा कितीतरी शहाणा. त्याचा जाळ पाण्याच्या पोटातून वर जातो, म्हणून थोड्या तुराट्यांत काम होते. ज्यांच्या माळ्यावर जुना बंब पडून आहे त्यांनी तो मोडीत घालू नये, कल्हई करून वापरात काढावा. ठेवावा मात्र उघड्या पडवीत.

त्याहून बरे, हे काम सूर्यावर सोपवावे. शंभर लिटरचा सौर बंब चार-पाच माणसांना पुरतो, आणि माळव्यात ज्या महिन्यांत गरम पाणी हवे त्याच महिन्यांत आभाळ स्वच्छ असते. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरतात, वर्षातून एकदा साफ करून घ्यावे. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी काळ्या रंगाची टाकी दक्षिणेकडे तोंड केलेल्या काचेच्या पेटीत ठेवून पाहावी. दुपारी तीनला कोमट पाणी मिळते. अंघोळ पहाटेच झाली पाहिजे असा नियम कोठेही लिहिलेला नाही.

इंदूरला या बाबतीत लांब जावे लागत नाही. १९८५ मध्ये येथे सुरू झालेल्या बरली ग्रामीण महिला विकास संस्थेच्या स्वयंपाकघरात जर्मन संशोधक वोल्फगांग शेफ्लर यांच्या रचनेच्या आरशांच्या तबकड्यांवर अन्न शिजवले गेले. त्याच रचनेच्या ७३ तबकड्या शिर्डीच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये बसवण्यात आल्या. बरली संस्था उभारणाऱ्या डॉ. जनक पलटा मगिलिगन आणि त्यांचे पती जिमी यांनी इंदूरजवळच्या सनावदिया गावात स्वतःचे घरही असेच बांधले. सौर चुली, सौर वाळवणयंत्र, पवनचक्की आणि सौर पट्ट्यांची वीज, शेजारच्या आदिवासी वस्तीला त्यातूनच दिवे. आभाळ भरलेल्या दिवशी जाळायला रद्दी कागदाच्या वड्या. जिमी २०११ मध्ये अपघातात गेले. डॉ. जनक यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. स्वयंपाक सूर्यावर गेला की शेतावरचे सारे लाकूड थंडीसाठी शिल्लक राहते, हे ध्यानात घ्यावे.

गोबर गॅसचा विचार घरी चार-पाच जनावरे असतील तरच करावा. मुंबईच्या माटुंगा कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्याच्या गॅसचा उपयोग केला गेला होता, इतका हा विषय जुना आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागते आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. पाच बादल्या पाणी त्यावरच तापवायचे म्हटले तर जवळजवळ एक तृतीयांश गॅस त्यातच जाईल. शिवाय जिवाणूंना ३५ अंशांची ऊब आवडते, थंडीत गॅस नेमका कमी पडतो. म्हणून खोली गरम करण्यासाठी हा गॅस जाळू नये. जाळल्यास खोलीतील हवेचा प्रश्न आहेच. थंडीत शेण कालवायला उन्हात तापलेले पाणी घ्यावे आणि घुमटावर कडब्याचा जाड थर घालावा. १९८४ मध्ये आलेले 'दीनबंधू' संयंत्र सारेच्या सारे जमिनीखाली असते, त्यामुळे त्याला थंडी कमी बाधते. पण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. खड्ड्याभोवती मुरूम भरल्याशिवाय बांधकाम करू देऊ नये, गवंडी कितीही घाई करो. गोवऱ्या जाळल्या तर खत गेले. गॅस करून उरलेली मळी शेतात गेली तर नत्र शेताला मिळते. मला वाटते, शेतकऱ्याला हा एकच मुद्दा पुरे आहे.

विजेविषयी थोडक्यात. दोन हजार वॅटचा हीटर आठ तास चालला तर १६ युनिट जातात. छपरावरचा एक किलोवॅटचा सौर संच दिवसाला सुमारे ४ युनिट देतो. म्हणजे एका हीटरसाठी चार किलोवॅटचा संच हवा, शिवाय रात्रीसाठी बॅटऱ्या. विजेच्या तापत्या चादरीला आठ तासांत एक युनिटही लागत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी एखादी घ्यायला हरकत नाही, पण ती घडी घालून लावू नये.

राहिले लाकूड. बांधावर बाभूळ, सुबाभूळ असेल तर फांद्या छाटून, खोड राखून, दरवर्षी जळण मिळते. ओल्या लाकडाची बरीच उष्णता आतले पाणी उडवण्यातच जाते, धूर होतो आणि धुराडे काजळीने भरते. म्हणून येत्या हिवाळ्याचे लाकूड होळीच्या सुमारासच तोडून, फोडून ठेवावे आणि पावसाळ्यात पडवीत, जमिनीपासून वीतभर उंच, हवा खेळेल असे रचावे. दोन ओंडके एकमेकांवर आपटले असता टणक आवाज आला की ते चुलीत घालण्याजोगे झाले असे समजावे.